खोलीचा दर सगळ्यात शेवटी विचारा

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात लग्नाच्या खरेदीला येणाऱ्या मराठी कुटुंबांना घासाघीस शिकवावी लागत नाही. कमर्शिअल स्ट्रीटवर साडीचा पोत दोन बोटांत धरून पाहिला जातो, पदर उलटून पाहिला जातो आणि किंमत ऐकून पुढच्या दुकानात निघाल्याचा आवही आणला जातो. याच घरातली मुलं हनिमूनची खोली मात्र मोबाइलवर ‘कमी दर आधी’ अशी यादी लावून, पलंगावर ठेवलेले टॉवेलचे हंस पाहून पक्की करतात. पुढे खर्च वाढला की बेट महाग असल्याची तक्रार होते. माझं म्हणणं असं की बेट तितकं महाग नसतं, निवड उलट्या टोकाने केलेली असते. बेटावर राहायला किती पडेल हे खोलीच्या दरावरून कळतच नाही. ते कळतं दोन गोष्टींवरून: त्या खोलीपर्यंत पोहोचायला काय लागतं, आणि अंधार पडल्यावर ती खोली किती कामाची आहे.

बेंगळुरूकरांसाठी अंदमान हे हाताशी असलेलं उदाहरण. थेट विमानाने अडीच तासांच्या आसपास वीर सावरकर विमानतळ येतो, आणि सेल्युलर जेल पाहिल्याशिवाय मराठी माणूस तिथून परतत नाही. पण हनिमूनला मनात असतात ती हॅवलॉक आणि नील ही बेटं. 2018 पासून कागदोपत्री त्यांची नावं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे 2024 पासूनच्या श्री विजयपुरमहून, तिथे बोटीने जावं लागतं. पाच रात्रींचं पॅकेज बहुधा दोन पोर्ट ब्लेअर, दोन हॅवलॉक, एक नील असं कापलेलं असतं. यातली नीलची एक रात्र नीट तपासा. सकाळी लवकर हॅवलॉकची खोली सोडायची, सामान जेट्टीवर न्यायचं, बोट पकडायची, उतरल्यावर पुन्हा टॅक्सी, मग चेक-इनची वाट. दुसऱ्या दिवशी हेच उलट्या क्रमाने. खोलीचे पैसे पूर्ण दिवसाचे, वापर झोपेपुरता. वर बोटीचं आणि टॅक्सीचं भाडं दोघांचं. तीच रात्र हॅवलॉकला जोडली, तर थोडी महाग खोली घेऊनही हिशेब बसतो आणि एक अख्खा दिवस हातात उरतो. मालदीवमध्ये हे आणखी उघड दिसतं. तिथे रिसॉर्ट म्हणजे अख्खं बेट, त्यामुळे सीप्लेन किंवा स्पीडबोटीचं भाडं दराबाहेर आणि जेवायला दुसरीकडे जायची सोय नाही. 2009 नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसना परवानगी मिळाली, तेव्हा माफुशीसारख्या ठिकाणी मध्यमवर्गाला परवडणाऱ्या खोल्या उभ्या राहिल्या. तिथे दारू मिळत नाही आणि पोहण्याच्या कपड्यांत वावरायला किनाऱ्याचा वेगळा भाग राखलेला असतो. हे चालणार असेल तर तोच निळा समुद्र पुष्कळ कमी पैशांत दिसतो.

आता अंधाराची गोष्ट. अंदमान बेंगळुरूच्या पुष्कळ पूर्वेला, पण घड्याळ तेच. त्यामुळे डिसेंबरात बेंगळुरूत सहाच्या सुमाराला मावळणारा सूर्य तिथे पाचलाच बुडतो. बाजार लहान, रात्री भटकायला फारसं काही नाही. म्हणजे संध्याकाळी सहापासून झोपेपर्यंतचे चार-पाच तास नवराबायको खोलीतच असणार. खोली निवडताना फोटोत शोधायची ती गोष्ट म्हणजे व्हरांडा: दोन खुर्च्या मावतील, दिवा लागेल आणि शेजारच्या कॉटेजमधून थेट दिसणार नाही असा. खिडकीला डासांची जाळी हवी, न्हाणीघराला बाहेरच्या भिंतीत झरोका हवा. नाहीतर दमट हवेत ओला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो. बेटांवरची वीज मुख्यतः डिझेल जनरेटरवरची. तेव्हा वीज गेल्यावर एसी चालतो की फक्त पंखा, हे फोनवरच विचारावं. ‘सी फेसिंग’साठी जादा पैसे मोजण्याआधीही असंच तपासावं. हॅवलॉकच्या गोविंदनगर आणि विजयनगर, म्हणजे तीन आणि पाच नंबरच्या किनाऱ्यांवर बरीच हॉटेलं आहेत. ती बेटाच्या पूर्वेला. ओहोटीला तिथलं पाणी लांब मागे सरतं आणि समोर खडक, मेलेलं पोवळं उघडं पडतं. सूर्यास्त पाहायचा तर जेट्टीपासून बाराएक किलोमीटरवरच्या, पश्चिमेच्या राधानगरला जावंच लागतं. समुद्र आपल्या खिडकीत हवाच असा हट्ट सोडला, तर मागच्या रांगेतली, नारळी-सुपारीच्या सावलीतली खोली जास्त थंड आणि जास्त खासगी असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हनिमून एकदाच होतो, तिथे काटकसर कशाला? पण पॅकेजमधल्या जादा पैशांचं काय होतं ते पाहा. केक, मेणबत्त्यांचं जेवण आणि पलंगावर फुलांच्या पाकळ्या, ज्या शिवाजीनगरच्या रसेल मार्केटात वजनावर मिळतात. हेच पैसे आणखी एका रात्रीला लावले तर काटकसर कुठे झाली? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. लहान गेस्टहाउसची खात्री कोण देणार? स्वच्छता, सुरक्षितता, ऐन वेळी बुकिंग नाकारणं, ही भीती खोटी नाही. नव्या घरात गेलेल्या मुलीच्या आईवडिलांना तर ती असणारच. यावर उपाय एकच, मालकाशी थेट बोलणं. व्हरांडा, जाळी आणि वीज या तीन सरळ प्रश्नांची सरळ उत्तरं देणारा माणूस बहुधा खोलीही नीट ठेवतो, आणि टाळाटाळ करणारा पाच तारे लावूनही टाळाटाळच करतो. जेवणाचंही तेव्हाच विचारावं. हॅवलॉक आणि नीलवरची वस्ती मुख्यतः पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. घरगुती ठिकाणी माशाचं कालवण-भात उत्तम मिळतो, शाकाहारी जोडप्याने मात्र आधी सांगून ठेवावं.

करही लक्षात घ्यावा. सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के, त्यापुढे 18 टक्के. म्हणजे 7,400 ची खोली 7,770 ला पडते आणि 7,600 ची थेट 8,968 ला. दोनशे रुपयांच्या फरकाला जवळजवळ बाराशे मोजायचे असतील तर त्या खोलीत तसं काही असावं लागतं, बहुधा नसतं. मुहूर्ताचा हिशेबही आहेच. मार्गशीर्षात लग्न झालेली जोडपी नाताळच्या गर्दीतच निघतात आणि वर्षातला सर्वात चढा दर देतात. पंधरा दिवस थांबून जानेवारीच्या मध्याला निघालं तर हवा तितकीच कोरडी आणि गर्दी कमी. वैशाखातल्या लग्नाने अंदमानचा नाद सोडावा, कारण मेच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस केरळच्याही आधी तिथे पोहोचतो आणि समुद्र खवळला की बोटी रद्द होतात.

परतीच्या विमानाआधीची शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला काढावी आणि तिथे सजवलेली खोली मुळीच घेऊ नये. अबर्डीन बाजाराजवळचं साधं, स्वच्छ लॉज पुरतं. बाकी सगळं ठरवण्याआधी बोटीचं तिकीट हातात घ्या. सरकारी बोट खासगीपेक्षा स्वस्त, पण तिच्या जागा हंगामात लवकर संपतात.