लहरींची वाट वेगळी कशी ठेवाल?

छत्रपती संभाजीनगरात सतराव्या शतकात मलिक अंबराने भूमिगत नहरीतून पाणी आणले. पाण्याला नहर असते. वाय-फायच्या लहरींना नसते. तुमच्या व शेजाऱ्याच्या लहरी एकाच जागेतून जातात. मग त्यांची गल्लत कशी टाळावी? वारंवारता निराळी ठेवून!

२.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात लगतच्या दोन वाहिन्यांमध्ये ५ मेगाहर्ट्‌झ अंतर असते, पण प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्‌झ जागा व्यापते. म्हणून १, ६ व ११ या वाहिन्या एकमेकींत घुसत नाहीत. घरच्या लिनक्स संगणकावरून वाय-फाय पुरवायचे असेल तर आधी शेजारच्या वाहिन्या पाहा. मग ‘होस्टएपीडी’च्या फाइलीत या तिघींपैकी मोकळी वाहिनी लिहा. परवलीचा शब्द किमान ८ अक्षरांचा ठेवा. तो नसेल, तर तुमच्या जाळ्यात कोणीही शिरेल!