प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरचे रेडिएशन आणि लघवीचा त्रास

प्रोस्टेटच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले, ग्रंथी काढली, की घरची मंडळी सुटकेचा श्वास सोडतात. परंतु दोन प्रश्न शिल्लक राहतात. लघवीवरचा ताबा जातो, हा पहिला. रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात, ते घ्यायचे का, हा दुसरा. पहिल्याविषयी पुरुष मंडळी बोलतच नाहीत. सभेला येणे सोडतात, लग्नकार्य टाळतात, पण कारण सांगत नाहीत. म्हणून हा विषय येथे उघडपणे मांडणे आम्हास आवश्यक वाटते.

प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते आणि लघवीची नळी तिच्यातून जाते. ग्रंथी काढल्यावर मूत्राशयाचे तोंड नळीला पुन्हा शिवावे लागते. ताबा परत येण्यास काही महिने, कधी वर्षही लागते. आणि रेडिएशन द्यायचे असते ते नेमके याच भागावर!

मग थांबलेले बरे का? ब्रिटन, कॅनडा, डेन्मार्क व आयर्लंड येथील १३९६ रुग्णांवर 'रॅडिकल्स' नावाचा अभ्यास झाला. त्याचा अहवाल २०२० साली आला. सुमारे निम्म्या रुग्णांना ऑपरेशननंतर लवकरच रेडिएशन द्यायचे ठरले. उरलेल्यांची पी.एस.ए. ही रक्ततपासणी करीत राहायचे, आणि आकडा ०.१ किंवा त्यावर गेला अथवा लागोपाठ तीनदा वाढला तरच रेडिएशन द्यायचे, असे ठरले. पाच वर्षांनंतर रोगाने पुन्हा डोके वर न काढलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८५ टक्के, तर थांबलेल्यांत ८८ टक्के होते. थांबलेल्या ६९९ पैकी २२८ जणांनाच आठ वर्षांत रेडिएशन घ्यावे लागले. लघवीची नळी गंभीरपणे आवळली जाण्याचे प्रमाण लवकर घेतलेल्यांत ६ टक्के व थांबलेल्यांत ४ टक्के होते. एका वर्षानंतर लघवी गळण्याचा त्रासही लवकर घेतलेल्यांनाच अधिक होता. त्रास कमी करण्याचा सर्वांत मोठा उपाय हाच, की गरज नसताना रेडिएशन घेऊ नये.

मात्र थांबणे म्हणजे विसरणे नव्हे. तपासणीची तारीख चुकवू नये. आकडा वाढू लागला तर तो लहान असतानाच रेडिएशनचा गुण अधिक येतो. गाठींत रोग पसरलेला असेल, तर डॉक्टर लवकर घेण्यासही सांगतील. तेथे त्यांचेच ऐकावे.

रेडिएशन घ्यावेच लागले तर मूत्राशय भरलेले ठेवण्यास सांगतात. भरलेले मूत्राशय वर सरकते व त्याचा बराच भाग किरणांच्या वाटेतून बाजूला होतो. आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त गृहस्थ गाडीत कपडे ओले होतील या भीतीने घरून पाणीच न पिता जात. त्यांना वाटे, लघवी कमी म्हणजे त्रास कमी. प्रत्यक्षात उलटेच होत होते. शेवटी मुलाने तंत्रज्ञांना सांगितले. मग त्यांनी रुग्णालयात पोहोचल्यावर पाणी प्यावे, पॅड वापरावे, असे ठरले. फुटेपर्यंत भरण्याची गरज नाही. सोसवेल इतकेच, परंतु रोज सारखे. शौचही साफ असावे, कारण भरलेल्या आतड्याने नेमलेली जागा हलते.

वायू रोखताना जे स्नायू आवळतात, तेच आवळून काही सेकंद धरावे व सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. हा व्यायाम कॅथेटर निघाल्यावर, डॉक्टरांना विचारून सुरू करावा. रेडिएशनच्या काळातही सोडू नये. लघवीस जळजळ व वारंवार जाणे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ओसरते. त्या दिवसांत चहा-कॉफी कमी करावी, दारू व तंबाखू बंदच. पाणी मात्र तोडू नये.

कित्येक महिन्यांनी, वर्षांनीही लघवीतून रक्त आले, तर डॉक्टरांना दाखवावे व पूर्वी रेडिएशन झाल्याचे आवर्जून सांगावे. लघवी पूर्ण तुंबली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.