जुन्या मोटारीचा दम

पुण्यात मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार म्हटला म्हणजे नाना पेठ. जुनी फियाट बाळगणारा गृहस्थ तेथे केव्हा ना केव्हा जातोच, आणि ‘कॉम्प्रेशन गेले, इंजिन उतरवावे लागेल’ हे वाक्य त्याच्या कानी केव्हातरी पडतेच. या वाक्याची किंमत मोठी असते. तेव्हा इंजिन न उघडता त्याची पारख कशी करावी, तेवढेच आपण पाहू.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमिअर पद्मिनी घ्या. तिची चार सिलिंडरे मिळून १०८९ घन सेंटिमीटरांची. एकेकाच्या वाट्याला सुमारे २७२. दट्ट्या वर चढताना एवढे मिश्रण चिमुकल्या पोकळीत कोंबतो. ते निसटायच्या नेहमीच्या वाटा तीन: दट्ट्याभोवतीच्या रिंगा, वरच्या झडपा, आणि हेड व ब्लॉक यांमधले गॅस्केट. कात्रजचा घाट चढताना गाडी धापा टाकते ती यांपैकी एखादी वाट उघडी राहिल्याने. अर्थात कार्बुरेटर आणि प्लग निर्दोष आहेत हे आधी पाहिलेले असावे.

परीक्षेपूर्वी, थंड इंजिनावर, टॅपेटची फट मोजावी. फट अगदी कमी असली की झडप पुरती मिटत नाही, आणि चार पैशांच्या कामासाठी बिचाऱ्या रिंगांवर आळ येतो. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. झडपेच्या मऊ बैठकीला त्या शिशाचा आधार असे. तो गेल्यावर बैठक झिजून फट आपोआप कमी होते, हे जुन्या गाडीच्या मालकाने ध्यानात ठेवावे.

मग इंजिन तापवावे, चारही प्लग काढावेत, कॉइलची तार सोडवावी. ॲक्सिलरेटर पुरता दाबून धरावा. नाहीतर हवाच आत जात नाही आणि आकडे खोटे येतात. बॅटरी भरलेली हवी. प्लगच्या भोकात गेज बसवून स्टार्टरने पाच-सहा फेरे द्यावेत. समजा, १३०, १२८, ९५, १३१ पौंड असे आकडे आले. एका आकड्यावरून निवाडा करू नये. चौघांची तुलना करावी. सर्वांत मोठ्या आकड्याच्या पाऊणपटीहून खाली गेलेले सिलिंडर रोगी समजावे. येथे तिसरे.

आता त्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. तेल रिंगांभोवतीची फट घटकाभर बुजवते. दाब चढला तर झीज रिंगांत वा बोअरमध्ये. निळसर धूरही तीच साक्ष देतो. जागचा हलला नाही, तर झडपा वा गॅस्केट. शेजारशेजारची दोन सिलिंडरे एकदम खाली असतील, किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तर गॅस्केटवर दाट संशय घ्यावा. झडपा आणि गॅस्केट यांच्यासाठी केवळ हेड काढले की भागते. संपूर्ण इंजिन उतरवावे लागत नाही.

आकुर्डीच्या टू-स्ट्रोक चेतकला मात्र ही तेलाची परीक्षा फारशी उपयोगी नाही. त्या इंजिनाला अशा झडपाच नसतात. तेथे दाब कमी भरला की आधी हेडचे नट आवळलेले आहेत का ते पाहावे, मग रिंगा.