वसईच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत कशी?

रविवारी सकाळी वसईतल्या गावांत चर्चची घंटा वाजते आणि मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, सुरू होते. तीही मराठीत! बाहेरच्यांना नवल वाटतं. पण इथले मूळ कॅथलिक मराठीच. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, चर्चमध्ये प्रमाण मराठी.

पूर्वी मात्र मिस्सा लॅटिनमध्ये होई. भाषा कळत नसल्याने कित्येक जण तेवढा वेळ जपमाळ ओढत बसत. १९६२ ते १९६५ दरम्यान झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला वाट करून दिली आणि चित्र पालटलं.

आता रविवारी बायबलमधली तीन वाचनं होतात. शेवटचं, शुभवर्तमानाचं, धर्मगुरू करतात. आधीची दोन गावातलाच कुणी उभा राहून वाचतो. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारचीच धरतात, रविवारी ड्युटी असणाऱ्यांची तेवढीच सोय. आठवड्यात रोज छोटी मिस्सा असते, शिवाय अनेक घरांत रात्री जपमाळेची प्रार्थना.

अडचण वेगळीच आहे. वाचायला उभं राहायचं तर देवनागरी सरसर वाचता यायला हवी, आणि मुलं शिकतायत इंग्रजी माध्यमात.