उतरायचे कुणाकडे?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या एस.टी. स्टँडवर मुंबईच्या गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाला ओळखीचे कुणी भेटले, तर 'कुठं निघालास?' नंतरचा प्रश्न वर्षानुवर्षे ठरलेला होता : 'उतरणार कुणाकडं?' 'कुठं उतरणार' असे कुणी विचारीत नसे. मुंबईत उतरायचे ते कुणाकडे तरी. चुलत्याकडे, मेव्हण्याकडे, आळीतल्या कुणाच्या खोलीवर किंवा गावाच्या खोलीवर. लॉज आणि हॉटेल ही परगावच्या व्यापाऱ्यांची आणि सिनेमातल्या लोकांची ठिकाणे. आपल्या माणसाला त्यांची गरज पडू नये, ही गावाची इभ्रत होती.

आता तो प्रश्न बदलला आहे. मुंबईला किंवा पुण्याला निघालेला माणूस मोबाईलवर लॉजचे दर पाहतो आणि 'कुठं उतरायचं' याचा विचार एकट्याने करतो. 'कुणाकडे'चे 'कुठे' झाले. बदल एका शब्दाचा दिसतो, पण एक अख्खी व्यवस्था त्या शब्दाबरोबर मोडली आहे. तिची किंमत सगळ्यांत जास्त कोण मोजतो, हे पाहायला हवे.

परक्या गावी आलेल्या माणसाला छप्पर कुणी द्यायचे, हा प्रश्न जुन्नरला नवा नाही. सातवाहनांच्या काळात जुन्नर हेच मोठे शहर होते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरून आलेला माल नाणेघाट चढून येथे येई. या परिसरातल्या दोनशेहून अधिक लेण्यांत जे लेख कोरले आहेत, त्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघटनेने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. चिट नावाच्या एका यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला, तर इरिल नावाच्या दुसऱ्याने पाण्याच्या दोन पोढी. ही दाने भिक्षूंच्या वर्षावासासाठी होती, हे खरे. पण खोली, पाणी आणि जेवण या तीन गोष्टी कुणा एकाच्या घरावर न टाकता धंद्यातल्या माणसांनी मिळून उभ्या करायच्या, ही रीत या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरून ठेवलेली आहे.

विसाव्या शतकात हा ओघ उलटा वाहू लागला. कुकडी प्रकल्पाचे पाणी फिरण्यापूर्वी या दोन्ही तालुक्यांची बरीच शेती पावसावर होती. पश्चिमेला डोंगर आणि भात, पूर्वेला बाजरी आणि आभाळाकडे लागलेले डोळे. घरटी एक माणूस तरी मुंबईला, हा संसाराचा हिशेब होता. कुणी मशीद बंदर, दाणाबंदरच्या गोदामांत पाठीवर पोती वाहिली, कुणी भायखळ्याच्या भाजीबाजारात हमाली केली, कुणी गिरणीत बदलीवर लागले. कुणी डोक्यावर डब्यांची पाटी घेतली. मुंबईचे डबेवाले मुख्यतः खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ आणि मुळशी या पट्ट्यातले, हे आता जगाला ठाऊक आहे. ही माणसे रात्री पाठ कुठे टेकवीत, हे मात्र जगाने फारसे विचारले नाही.

ती टेकवीत गावाच्या खोलीत. चाळीतली दहा बाय बारा, दहा बाय पंधराची एक खोली. भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या, वर वळकट्या, खुंट्यांवर कपडे. एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस माणसे. ती मावत कारण ती एका वेळी तिथे नसत. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा होई, आणि उरलेले गॅलरीत, जिन्यात, नाही तर फुटपाथवर. या भागातल्या शाखेत काम करताना आम्हा बँकवाल्यांना ही व्यवस्था कागदावर दिसे. एकाच गावच्या निरनिराळ्या आडनावांच्या अर्जदारांचा आणि जामीनदारांचा 'मुंबईचा पत्ता' एकच असे, खोली नंबरसकट. नवख्या अधिकाऱ्याला त्यात काही गडबड असल्याचा संशय येई. जुना शिपाई हसून सांगे, 'साहेब, ती गावाची खोली आहे.'

बँकेच्या भाषेत बोलायचे तर ती खोली ही पतपुरवठ्याची सोय होती. नव्याने आलेल्या पोराला पहिला पगार होईपर्यंत कुणी भाडे मागत नसे. ते कर्जच होते, फक्त त्याला तारण माणसाच्या गावाचे असे. त्याने बुडवले तर खबर आधी त्याच्या बापापर्यंत पोचे. खोलीच्या जोडीला खानावळ. पगार झाल्यावर महिन्याचे पैसे द्यायचे आणि तोवर दोन वेळ जेवायचे. म्हणजे उधारीचा सगळा भार त्या खानावळवाल्या बाईवर, आणि तिच्यावर सावकाराचा. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून अशा बायकांना बँकांची कर्जे मिळवून दिली, तेव्हा कुठे हा भार कुणाच्या खांद्यावर आहे ते शहराच्या लक्षात आले.

या खोलीचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवता कामा नये. ती गावाची होती, म्हणजे गावासारखीच होती. बाईला तिथे जागा नव्हती. दवाखान्यासाठी आलेली आई किंवा बहीण नात्यातल्या कुणाच्या संसारातच उतरवावी लागे. आणि गावाची म्हणजे बहुतेक वेळा गावातल्या एका भावकीची, एका जातीची. गावकुसाबाहेरच्या माणसाला मुंबईत जागा शोधायची ती आपल्या वस्तीतच. अमेरिकेतून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना १९१७ मध्ये बडोद्यात पारशी सराईत नाव बदलून राहावे लागले, आणि जात कळताच तिथूनही बाहेर पडावे लागले. शहरात निवारा मिळणे हा पैशाचा प्रश्न असतो, पण आधी तो 'तू कुणाचा?' या प्रश्नाचे उत्तर देण्याचा असतो. हे ज्यांनी ओळखले त्यांनी वसतिगृहे काढली. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले. राहण्याची सोय नसेल तर शाळेची दारे उघडी असून उपयोग नाही, हे दोघांनाही कळले होते.

गावाची खोली मोडली ती तीन टप्प्यांत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो न मिटताच विरला आणि गिरणगावातला पगार थांबला. १९९६ मध्ये भाजीपाला आणि फळांचा घाऊक बाजार वाशीला गेला. त्याच्यामागे हमाल, मापाडी, आडतदारांचे नोकर नव्या मुंबईत गेले. उरलेले काम चाळींच्या पुनर्विकासाने केले. यात दुःख करण्यासारखे काही नाही, कारण सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीत जन्म काढलेल्या कुटुंबाला मोठे घर मिळणे हा न्यायच आहे. २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पण जुन्या खोलीत गावचा पाहुणा पडवीत, जिन्यात कुठेही मावत असे, आणि नव्या फ्लॅटमध्ये पाहुणा म्हणजे लिफ्टपाशी पहारेकऱ्याच्या वहीत नाव लिहून येणारा माणूस. जागा तिप्पट झाली, तरी गावाचा तिच्यावरचा हक्क संपला.

मग आज या दोन तालुक्यांतून शहरात उतरतो कोण? नारायणगावचा टोमॅटो आणि ओतूरचा कांदा स्वतः विकायला जाणारा शेतकरी रात्री निघून पहाटे बाजारात पोचतो, माल उतरवतो आणि परततो. त्याला खोलीची गरज कमी. स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी पुण्याच्या पेठांत 'कॉट बेसिस'वर राहतो. खोली नाही, खाट भाड्याने. पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी मुलांसाठी घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयामार्फत वसतिगृहे आहेत. पण वसतिगृहातल्या जेवणाऐवजी खात्यात पैसे जमा करण्याचे धोरण आले, तेव्हा जुलै २०१८ मध्ये हीच मुले पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. त्यांचे म्हणणे साधे होते : पैसे नकोत, जेवण द्या. शहरात एकट्याच्या हातात दिलेली रक्कम आणि दहा जणांसाठी उभी केलेली सोय यांत फरक असतो, तो त्या मुलांना बँकवाल्यांच्या आधी कळला.

मंत्रालयात काम असलेला माणूस आमदार निवासात आपल्या आमदाराच्या खोलीवर उतरतो. तीही आता अडचणीची झाली, कारण मनोरा आमदार निवास धोकादायक ठरल्यावर रिकामे करून पाडले गेले.

राहिला पेशंट, आणि खरा प्रश्न त्याचा आहे. परळला टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे, केईएम १९२६ पासून. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे आज गरिबाच्या उपचाराचा बराच खर्च सरकार उचलते. पण किरणोत्सर्गाचे उपचार पुष्कळदा आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे चालतात. प्रत्येक वेळचे काम काही मिनिटांचे. त्यासाठी बहुतेकांना रुग्णालयात दाखल करून घेत नाहीत. उरलेले तेवीस तास पेशंटने आणि त्याच्याबरोबरच्या माणसाने कुठे काढायचे? रोज मळशेज घाट उतरून जाणे-येणे धडधाकट माणसालाही जमणार नाही.

हिशेब मांडून पाहू. समजा, साध्यातली साधी खोली दिवसाला ८०० रुपयांना मिळाली. बेचाळीस रात्रींचे ३३,६०० रुपये झाले. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रातला रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. म्हणजे एकशे तेरा दिवसांची मजुरी फक्त पाठ टेकायला, जेवणाखाण्याचे वेगळे. वर, दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जो जीएसटी नव्हता तो १८ जुलै २०२२ पासून १२ टक्के लागू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला, पण पूर्वीची माफी गेली ती गेलीच. उपचार मोफत आणि मुक्काम न परवडणारा, अशा कात्रीत सापडलेले कुटुंब शेवटी मुक्काम सोडते. मुक्काम सुटला की उपचारही सुटतो.

या कात्रीवर उपाय करणारी माणसे मुंबईत आहेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. कॅन्सर झालेल्या लहान मुलांना आई-बापांसह ठेवून घेणारी सेंट ज्यूड ही संस्था २००६ पासून काम करते. पण टाटाला सगळा देश येतो. या खोल्या कितीही असल्या तरी अपुऱ्याच पडणार, आणि रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर चटई टाकून बसलेली कुटुंबे त्याची साक्ष देतात.

गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहूला धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः मात्र त्यांत कधी हक्काने राहिले नाहीत, असे म्हणतात. डबेवाल्यांची गोष्टही काहीशी तशीच. मुंबईत दाटीवाटीने राहून त्यांनी आळंदी, भीमाशंकरसारख्या ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. देवाच्या दारी आलेल्याची सोय करणे हे पुण्य, हे आपल्या माणसाला सांगावे लागत नाही. आता दवाखान्याच्या दारालाही तोच मान द्यायला हवा, इतकेच सांगायचे आहे.

आणि हे गावांना न झेपणारे नाही. चारशे उंबऱ्यांच्या गावाने घरटी महिन्याला पन्नास रुपये काढले तर महिन्याचे वीस हजार आणि वर्षाचे दोन लाख चाळीस हजार होतात. शेजारची चार-पाच गावे एकत्र आली तर परळ-शिवडीच्या आसपास किंवा हार्बर लाइनवर दोन खोल्या कायम भाड्याने ठेवता येतील. बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाल्यापासून याच गावांतल्या घाटांत बक्षिसांसाठी केवढी वर्गणी उभी राहते, हे आपण पाहतो आहोत. वर्गणी काढायची सवय मोडलेली नाही. तिला दुसरे एक कारण द्यायचे आहे. अकरा महिन्यांचा करार एकट्या माणसाच्या नावावर करण्याऐवजी नोंदणी केलेल्या विश्वस्त संस्थेच्या नावावर केला की घरमालकाचीही धास्ती कमी होते. मुंबईत अनेक गावांची मंडळे नोंदलेली आहेतच. यात्रेच्या पावत्या फाडण्यापलीकडे त्यांना हे काम देता येईल.

अटी मात्र जुन्या खोलीच्या नसाव्यात. बाईला आधी जागा, पेशंटला सगळ्यांच्या आधी. गावातल्या प्रत्येक आळीचा, प्रत्येक वस्तीचा माणूस तिथे हक्काने उतरेल, आणि त्याला 'तू कुणाचा?' असे कुणी विचारणार नाही. किती रात्री राहायचे याला मर्यादा, वही रोज लिहिलेली, आणि हिशेब वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखवायचा. तेवढी शिस्त पाळली तर ही खोली टिकेल. नाही तर तिचा कुणा एकाचा फ्लॅट व्हायला वेळ लागणार नाही.

जुन्नरच्या धान्य व्यापाऱ्यांनी सात खोल्या खोदून दिल्या. त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही. लेखात नाव आहे ते श्रेणीचे.