कुंपणाची भाषा : वई, मेढ, कवाड आणि आगळ

शेत, गोठा आणि बाग यांच्याभोवती जो आडोसा उभारला जातो, त्याला लिखित मराठीत आज बहुधा ‘कुंपण’ हा एकच शब्द वापरला जातो. बोलींची स्थिती निराळी आहे. आडोसा कशाचा आहे, तो जिवंत आहे की मृत, कायमचा आहे की हंगामापुरता, आणि त्यातून माणसाने आत कसे जावयाचे, या प्रत्येक प्रश्नाला बोलीने स्वतंत्र शब्द दिलेला आहे. प्रस्तुत लेखात कोल्हापूर जिल्हा व लगतचे कोकण यांना समोर ठेवून या शब्दसमूहाची मांडणी करावयाची आहे.

प्रथम वस्तूचा विचार करू. जिल्ह्याच्या पश्चिमेस, गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या पावसाळी भागांत दगड, बांबू आणि जंगली लाकूड हाताशी असते. तेथे सुट्या दगडांचा ‘गडगा’ रचता येतो; बांबू चिरून केलेल्या कामट्यांची भिंतही विणता येते. पूर्वेकडे, शिरोळ-हातकणंगल्याच्या सपाट काळ्या रानात, हा माल सहज मिळत नाही. तेथे बाभळी-बोरीच्या तोडलेल्या काटेरी फांद्या हे जुने साधन. अशा फांदीला ‘फेसाटी’ म्हणतात. शेर, निवडुंग, घायपात लावून केलेला आडोसा हा जिवंत होय. शेराचा चीक दाहक असल्यामुळे जनावर त्याला तोंड लावत नाही, म्हणून तो पसंत केला जातो. मात्र जिवंत कुंपण वाढते, सावली धरते आणि पिकाचा ओलावा ओढून घेते. ‘कुंपणच शेत खाते’ या म्हणीचा आजचा अर्थ रक्षकच भक्षक झाला असा असला, तरी तिच्या मुळाशी हा साधा अनुभव असावा, असा तर्क करावयास जागा आहे.

लाकडी कुंपणाचे मर्म खांबात असते. पुरलेला खांब सर्वत्र सारखा कुजत नाही. जेथे माती संपते आणि हवा सुरू होते, त्या कडेशी तो प्रथम जातो. ओल आणि हवा ही दोन्ही बुरशीला तेथे एकत्र मिळतात. म्हणून खांबाचे बूड जाळून काळे करणे किंवा त्यास डांबर फासणे, आणि खैरासारख्या झाडाचा आतला घट्ट गाभा वापरणे, हे उपाय केले जातात. अशा खांबाचा, विशेषतः दुबेळके असलेल्या खांबाचा, जुना शब्द ‘मेढ’. संस्कृत ‘मेथि’ म्हणजे खळ्याच्या मध्यभागी रोवलेला खांब. प्राकृतात ‘मेढि’, आणि पुढे मराठीत ‘मेढ’. खळ्यावरचा हा खांब लष्करी भाषेतही शिरला. लाकडे रोवून उभारलेल्या तटास मराठ्यांच्या इतिहासात ‘मेढेकोट’ म्हणतात.

आता प्रवेशाची जागा पाहू. ‘कवाड’ हा शब्द संस्कृत ‘कपाट’ पासून आला. दोन स्वरांमधील ‘प’ चा ‘व’ आणि ‘ट’ चा ‘ड’ झाला. गंमत अशी की, ‘कपाट’ हे तत्सम रूपही मराठीत नांदते, पण त्याचा अर्थ आता सामान ठेवावयाची वस्तू असा आहे. एकाच शब्दाची दोन रूपे दोन वस्तूंत वाटली गेली. कवाड बंद करावयाच्या दांड्यास ‘आगळ’ म्हणतात. संस्कृत ‘अर्गला’, प्राकृत ‘अग्गला’. ‘अडसर’ हा त्याचाच भाऊबंद. लाकडाचा दांडा मागे पडला आणि अडथळा हा लाक्षणिक अर्थ तेवढा शहरी भाषेत उरला. कामट्यांची वा काटक्यांची हलकी झडप ती ‘ताटी’; मुक्ताबाईंच्या ‘ताटीच्या अभंगां’मुळे हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. कोकणात आवाराच्या तोंडाशी आडव्या दांड्यांचे ‘बेडे’ असते. दांडे सरकवले की माणूस आत जातो, आणि ते पुन्हा बसवले की गुरांस अटकाव होतो.

कुंपणवाचक शब्दांत ‘वई’ हा सर्वांत जुना धागा होय. संस्कृत ‘वृति’, प्राकृत ‘वइ’, मराठी ‘वई’, असा त्याचा प्रवास सरळ आहे. दुसरा धागा ‘वाट’ या संस्कृत शब्दाचा. त्याचा अर्थ कुंपण किंवा कुंपणाने वेढलेली जागा. त्यापासून ‘वाडा’ आणि ‘वाडी’ ही रूपे आली. विद्यार्थ्यांची येथे एक गफलत होण्याचा संभव असतो. मराठीतील ‘वाट’, म्हणजे रस्ता, हा शब्द याचा वंशज नव्हे. तो ‘वर्त्मन्’ पासून, प्राकृत ‘वट्ट’ च्या मार्गाने आला. एकेरी ‘ट’ मृदू होऊन ‘ड’ झाला, तर जोड ‘ट्ट’ एकेरी होताना मागचा स्वर दीर्घ करून टिकला. दिसण्यात सारखे ते मुळात एक, असे मानणे किती धोक्याचे आहे, हे या जोडीवरून कळते. ‘कुंपण’ व अमरकोशातील ‘कुम्बा’ (घन वृति) यांच्या साम्याकडेही याच सावधगिरीने पाहावे. ‘म्ब’ चा ‘म्प’ होणे हा नियमित ध्वनिबदल नव्हे.

वेढलेल्या जागेचे नाव वस्तीला लागणे ही केवळ मराठीची रीत नव्हे. जर्मन ‘त्साउन’ म्हणजे कुंपण, डच ‘टाउन’ (लेखनात तुइन) म्हणजे बाग, आणि इंग्रजी ‘टाउन’ म्हणजे नगर. हे तिन्ही एका मूळचे आहेत. आपल्याकडे मात्र या अर्थविस्ताराला सामाजिक बाजू आहे. ‘महारवाडा’ या नावात कुंपणाचा शब्द माणसांना वेगळे काढण्याच्या कामी आला. महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय 2020 च्या डिसेंबरात घेतला, तो याच पार्श्वभूमीवर. 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणविषयक कायद्याने, पिकात शिरलेले जनावर धरून ठेवण्याची जी सरकारी जागा नेमली, ती आपला ‘कोंडवाडा’. दया पवार यांनी 1974 साली आपल्या कवितासंग्रहास हेच नाव दिले. नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’ ही कादंबरी 2017 ची. तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार 2018 साली मिळाला. ज्यांना कुंपणाबाहेर राहावे लागले, त्यांनीच कुंपणाचे शब्द साहित्यात आणले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता वस्तूच पालटत आहे. काटेरी तारेचे प्रसिद्ध पेटंट जोसेफ ग्लिडन यास अमेरिकेत 1874 साली मिळाले. लाकूड दुर्मिळ असलेल्या गवताळ मुलखात तिचा झपाट्याने प्रसार झाला. आपल्याकडेही तार, लोखंडी अँगल, सिमेंटचे पोल आणि गेट आले. राधानगरीच्या परिसरात, जेथे 1958 मध्ये गव्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले, गव्याच्या धडकेपुढे काठ्यांची वई टिकत नाही. तेथे सौरऊर्जेवर चालणारे ‘झटका मशीन’ शेतकऱ्यास अधिक उपयोगी वाटते, आणि त्याला दोष देता येणार नाही. नव्या शब्दांचाही शोक करावयाचे कारण नाही. पण वस्तू गेली की तिच्या अवयवांची नावे प्रथम जातात. ‘कुंपण’ राहील, मेढ, आगळ, बेडे राहतीलच असे नाही.

म्हणून क्षेत्रकार्यास जाणाऱ्या अभ्यासकांस एवढेच सुचवावेसे वाटते. “कुंपणाला काय म्हणता?” असा प्रश्न विचारू नये; त्याचे उत्तर ‘कुंपण’ असेच मिळेल. उभ्या कुंपणाजवळ जाऊन उभ्या खांबास, आडव्या दांड्यास, बांधावयाच्या दोरास, आत जावयाच्या फटीस वेगवेगळे बोट दाखवावे. शब्दाबरोबर लाकडाची जात आणि बांधणीची रीत नोंदवावी. गडहिंग्लज-शिरोळच्या सीमाभागात कन्नड ‘बेलि’ आणि मराठी शब्द एकाच घरात कोण, कोणाशी बोलताना वापरतो, हेही लिहून घ्यावे. अशी टिपणे जमल्यास जिल्ह्याचा एक लहानसा शब्दनकाशा तयार होईल, आणि तो तयार करण्याची वेळ हीच आहे.