कोळी, ऊन आणि दुधाची पिशवी

रात्री अंगणात उतरा, विजेरी कानशिलाशी धरा आणि गवतावर उजेड फिरवा. दवाच्या थेंबासारखं काहीतरी हिरवट लुकलुकेल. थेंब पळाला, तर तो लांडगा कोळी! मांजरासारखाच याच्याही डोळ्यांत आरशासारखा पडदा असतो. उजेड आला त्याच वाटेनं परत जातो. म्हणून विजेरी डोळ्यांजवळ हवी, कमरेशी धरली तर काही दिसत नाही. पिल्लं पाठीवर घेतलेली आई भेटली तर नशीबच. अख्खी पाठ चमचमते.

उडी मारणारे कोळी मात्र असे चमकत नाहीत, ते दिवसपाळीवाले. त्यांच्या पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांचं भिंग हलत नाही, आतला पडदा हलतो. त्यामुळे एका फोटोत डोळा शाईसारखा काळा, लगेच पुढच्यात मधासारखा. लोक म्हणतात, फोटोशॉप केलंस! ठाणे परिसरातल्या अशाच एका चिमुकल्या कोळ्याला 2021 साली ‘आयसियस तुकारामी’ हे नाव मिळालं, कसाबला पकडताना हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या आठवणीत.

आता फ्लॅश. कोळ्याचं अंग तुकतुकीत, थेट फ्लॅश मारला की पांढरे डाग उठतात. उजेड गाळायला मी आधी दुधाची पिशवी कापून लावली. तिच्या निळ्या छपाईमुळे बिचारा कोळी थंडीनं काकडलेला दिसला. मग खोक्यातून येणारा पांढरा फोम लावला, काम झालं. फोटो मोठा करून बघा, प्रत्येक डोळ्यात त्या फोमची इवलीशी खिडकी दिसते.

फ्लॅशची आणखी एक गंमत. फ्लॅशपासून कोळी 10 सेंटीमीटरवर आणि मागचं झाड मीटरभर लांब असेल, तर झाडाला शंभरपट कमी उजेड मिळतो. भर दुपारचा फोटोही अमावस्येचा वाटतो.

जाळ्याला मात्र ऊनच हवं, तेही पलीकडून. सकाळी सूर्य जाळ्यामागे आणि पार्श्वभूमीला सावलीतलं खोड, की धाग्याधाग्यावर इंद्रधनुष्य. जाळं दिसावं म्हणून काही जण त्यावर पीठ भुरभुरतात. कृपया नको! बरेच कोळी जुनं जाळं खाऊन त्याच मालातून नवं विणतात. सह्याद्रीतल्या जायंट वुड स्पायडरला तर पिठाची गरजच नाही, त्याचा धागा मुळातच सोनेरी.

रानात जायला जमत नसेल तर मोरीत बघा. लांब तंगड्यांचा कोळी फुंकर मारताच असा गदागदा झुलतो की ट्यूबलाइटमध्ये नुसता धूसर ठिपका येतो. कमी ताकदीवर ठेवलेला फ्लॅश सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढाच लकाकतो, त्यात तो जागच्या जागी थिजतो. तंगडीवरचा केसन् केस दिसतो. मी कौतुकानं फोटो दाखवला. आई म्हणाली, “मागची जळमटं कधी काढणार आहेस?”